‘दु’ कोण आणि ‘ख’ कुठला? : पर्लमध्ये शब्दांमधली विरामचिन्हं पकडताना

गेल्या सत्रात माझ्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. मॅडमनी शब्दसूचीच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा ‘दु’ कोण गं? ८६ वेळा आलाय.”

मला उत्तर देता आलं नाही. दोन ओळी खाली ‘ख’ होता, मग ‘खी’, मग ‘खाने’. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला : ‘दु’ आणि ‘ख’ हे दोघे मुळात एकच शब्द होते. माझ्याच प्रोग्रॅमने त्यांना मधोमध तोडलं होतं.

नुसता सूचीतला दोष असता तर चाललं असतं. पण मी त्या सूचीवरून निष्कर्ष काढला होता. मंडळाच्या आजवरच्या अंकांतल्या कविता घेऊन मी शब्द मोजले होते. विभक्तीची सगळी रूपं धरून ‘सुख’ ६४ वेळा आणि ‘दुःख’ फक्त ११ वेळा. त्यावर मी दीड पान लिहून काढलं होतं, की आपल्या कॉलेजचे कवी दुःखाचा उच्चार टाळतात, सुखाकडे वळलेत वगैरे. भाषा चांगली जमली होती, पण निष्कर्ष साफ खोटा होता. तो खोटा का ठरला आणि दुरुस्त कसा केला, ते इथे मांडते. मंडळातल्या ज्यांना मराठी मजकुरावर असं काही काम करायचंय, त्यांचे तरी चार दिवस वाचतील.

आधी पर्लविषयी दोन शब्द. ही प्रोग्रॅमिंगची भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये बाहेर आणली. वॉल हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. ज्या भाषेला लिपी नाही अशी एखादी भाषा शोधायची, तिला लिपी द्यायची आणि तिच्यात बायबलसह काही ग्रंथ आणायचे, असा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा बेत होता. प्रकृतीच्या कारणाने तो राहून गेला. भाषेचं नावही आधी ‘मोती’ या अर्थाचंच ठेवलं होतं, शुभवर्तमानातल्या मोलवान मोत्याच्या दाखल्याची आठवण ठेवून. पण त्या नावाची दुसरी भाषा आधीपासून होती, म्हणून स्पेलिंगमधला एक ए गळला. साहित्याच्या विद्यार्थ्याला पर्ल जवळची वाटते त्याचं हे एक कारण असावं : ती मजकूर वाचणाऱ्या माणसाने केलेली आहे. आज तिची फॅशन ओसरलीय, हे मान्य. पण मजकूर चाळून काढायला ती अजून पहिल्या पंक्तीत बसते.

चाळणी म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, बोलताना रेजेक्स. आपण नमुना सांगायचा आणि मजकुरात त्या नमुन्याचं जे जे असेल ते पर्लने शोधायचं. पर्लमध्ये नमुना दोन तिरक्या रेघांच्या मध्ये लिहितात. साधी चौकट सोडली तर ही सगळी खुणांची भाषा आहे : + म्हणजे ‘एक किंवा जास्त’, * म्हणजे ‘एकही नसला तरी चालेल, कितीही असले तरी चालेल’, [ ] म्हणजे ‘यांपैकी कुठलंही एक’.

तयार खुणाही आहेत. बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे शब्दात येऊ शकणारं एक अक्षर, बॅकस्लॅश-एस म्हणजे मोकळी जागा, बॅकस्लॅश-डी म्हणजे अंक, आणि बॅकस्लॅश-पी पुढे महिरपी कंसात पी म्हणजे विरामचिन्ह. मला यात एक गंमत सापडली. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘यूज यूटीएफ-८’ ही ओळ लिहिली की पर्लमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. म्हणून मी या चार खुणांना चार मराठी नावं दिली : $अक्षर, $मोकळी, $अंक आणि $चिन्ह. खालचे नमुने मी त्याच नावांनी लिहितेय. हे दाखवण्यापुरतं नाही हं, माझ्या फाइलमध्ये ते असेच आहेत आणि चालतात. एकच सावधगिरी बाळगा : नावाला लागूनच चौकोनी कंस उघडू नका, नाहीतर पर्लला ती ॲरे वाटते.

ती ‘यूज यूटीएफ-८’ ओळ विसरलात तर काय होतं? माझं पहिल्या दिवशी तेच झालं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘दुःख’मध्ये द, उकार, विसर्ग आणि ख अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. पर्लला आपण काही सांगितलं नाही तर ती एकेक बाइट सुटा धरते. साध्या मांडणीत अशा बाइटांपैकी रोमन अक्षरं आणि अंक तेवढेच तिला ‘अक्षर’ वाटतात. म्हणजे सबंध मराठी कविता तिच्या दृष्टीने एक भलंमोठं विरामचिन्ह! आणि लक्षात ठेवा, ती ओळ फक्त प्रोग्रॅममधल्या मराठीपुरती असते. कवितांची फाइल उघडतानाही ‘ही यूटीएफ-८ आहे’ असं वेगळं सांगावं लागतं आणि छापताना पुन्हा. तीन ठिकाणी तीनदा सांगायचं. मी दोनच ठिकाणी सांगितलं होतं, तर पडद्यावर नुसते प्रश्नचिन्हांचे चौकोन आले.

आता मूळ प्रश्न. दोन शब्दांच्या मध्ये चिकटून बसलेलं विरामचिन्ह कसं पकडायचं? सुचतं ते सरळ असं :

/$अक्षर+$चिन्ह+$अक्षर+/

एक शब्द, मग चिन्ह, मग शब्द. बरोबर दिसतं. आता हा नमुना ‘नको,नको,नको’ यावर चालवा आणि ‘सगळे शोध’ असं सांगा. स्वल्पविराम दोन आहेत, सापडतो एकच. कारण काय, तर पहिल्या शोधात पर्लने ‘नको,नको’ एवढं खाऊन टाकलं. उरलं ‘,नको’. त्याच्या आधी शब्दच शिल्लक नाही, मग दुसरा स्वल्पविराम ‘दोन शब्दांच्या मधला’ ठरेल कसा? मधला ‘नको’ दोघांचा शेजारी होता, पण तो पहिल्याच पंगतीत जेवून उठला.

उपाय असा की शेजाऱ्यांकडे नुसतं बघायचं, त्यांना खायचं नाही. पर्लमध्ये त्यासाठी दोन खास कंस आहेत. (?<= ) म्हणजे ‘मागे वळून बघ, तिथे हे आहे का’, आणि (?= ) म्हणजे ‘पुढे डोकावून बघ’. बघितलेलं अक्षर सापडलेल्या तुकड्यात धरलं जात नाही.

/(?<=$अक्षर)$चिन्ह+(?=$अक्षर)/

आता दोन्ही स्वल्पविराम मिळतात. मागे एकच अक्षर बघितलं तरी पुरतं. शब्द संपतो की नाही एवढंच कळायला हवंय, आख्खा शब्द नकोय. या एका ओळीसाठी मी दोन संध्याकाळी घातल्या, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा असेल तर ती धरून असं :

/(?<=$अक्षर)$मोकळी*$चिन्ह(?:$चिन्ह|$मोकळी)*(?=$अक्षर)/

म्हणजे ‘ती म्हणाली, “ये”’ यात ‘म्हणाली’ आणि ‘ये’ यांच्यामधला स्वल्पविराम, जागा आणि अवतरणचिन्ह असा तिघांचा जथा एकदम हाती येतो. निदान एक चिन्ह हवंच ही अट यात आहे, म्हणून नुसती मोकळी जागा सापडत नाही.

इथपर्यंत कुठल्याही इंग्रजी पुस्तकात मिळेल. मराठी मजकुरावर हे लावलं की खरी करमणूक सुरू होते.

पहिली गोष्ट काना-मात्रांची. पर्लचं बॅकस्लॅश-डब्ल्यू काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग, हलंत या सगळ्यांना शब्दाचाच भाग मानतं. हे मोठंच सुख आहे. पायथनच्या मूळ रेजेक्समध्ये तसं नाही. तिथे वेलांटीपाशी शब्द तुटतो. माझ्या मैत्रिणीने तोच प्रयोग पायथनमध्ये केला तेव्हा तिच्या यादीत आपले सगळे शब्द हाडं मोडलेले निघाले. अवग्रहसुद्धा (ऽ) युनिकोडच्या हिशेबी अक्षरच आहे, चिन्ह नव्हे.

दुसरी गोष्ट न दिसणाऱ्या चिन्हांची. ‘वाऱ्यावर’मधला चंद्रकोरीसारखा र टाइप करायच्या दोन तऱ्हा आहेत. एकात नुक्तावाला ऱ आणि हलंत असतो, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य ‘जोडणारं’ चिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही, पर्लला कळतो. पर्लच्या ५.१८ या आवृत्तीपासून ते अदृश्य चिन्ह शब्दातलंच मानतात. त्याआधीच्या आवृत्तीत ‘वाऱ्यावर’ सरळ दोन तुकडे व्हायचा. पण नव्या आवृत्तीतही दोन्ही ‘वाऱ्यावर’ वेगवेगळे मोजले जातात, तेव्हा मोजायच्या आधी एकाचं रूप दुसऱ्यासारखं करून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट दंडाची. खरा दंड (।) विरामचिन्हांत मोडतो. पण आपल्या अंकांतल्या कितीतरी अभंगांत दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ (|) मारलेली आहे. ती युनिकोडच्या मते विरामचिन्ह नाहीच, गणिताचं चिन्ह आहे! त्यामुळे $चिन्ह तिला पकडेना. पर्लमध्ये विरामचिन्हांचा आणखी एक वर्ग आहे, चौकोनी कंसातला ‘पंक्ट’. त्यात नेहमीच्या विरामचिन्हांखेरीज $ + < = > ^ ` | ~ ही नऊ चिन्हंही धरतात. मी $चिन्ह बदलून तो वर्ग घेतला तेव्हा अभंग सुटले. अर्थात ₹ मात्र या वर्गातही नाही. तो अक्षर नाही, विरामचिन्ह नाही, मोकळी जागाही नाही. आणि याच्या उलट अंडरस्कोर : तो अक्षरातही धरला जातो, विरामचिन्हातही. दोन्ही घरी जेवतो.

आता ‘दु’कडे येते.

विसर्ग (ः) आणि कोलन (:) दिसायला जवळजवळ सारखे, म्हणून बहुतेकांनी ‘दुःख’ न लिहिता ‘दु:ख’ लिहिलं होतं. मोबाइलवर विसर्ग शोधायला दोन-तीनदा दाबावं लागतं, कोलन समोरच असतो. छापील पानावर कुणाला कळणार? पण विसर्ग हे ‘दुःख’मधलं अक्षर आणि कोलन हे दोन शब्दांच्या मधलं विरामचिन्ह. माझ्या नमुन्याने कोलन इमानदारीने पकडला आणि तिथे शब्द कापला. नमुना चुकला नव्हता, त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. ‘अंत:करण’चं तेच झालं, ‘नि:शब्द’चं तेच. माझ्या यादीत ‘करण’ नावाचा कुणी बऱ्याच कवितांत येतो असं बघून मला तो एखादा मित्र वाटला होता, हे कबूल करते.

दोन्ही बाजूंना मोकळी जागा नसलेला कोलन असेल, तर तो बहुधा विसर्गच. म्हणून मोजायच्या आधी

/(?<=$अक्षर):(?=$अक्षर)/

असा कोलन शोधून त्या जागी विसर्ग घातला. पण $अक्षरमध्ये अंकही येतात, म्हणजे ‘५:३०’सुद्धा ‘५ः३०’ होणार. तेव्हा अट वाढवली : मागे अंक, इथे कोलन, पुढे अंक असं असेल तर सोड.

/(?<=$अक्षर)(?!(?<=$अंक):$अंक):(?=$अक्षर)/

(?! ) म्हणजे ‘पुढे हे नसावं’. त्याच्या पोटात आणखी एक मागे वळून बघणं आहे. वाचायला कठीण आहे, सावकाश वाचा. हीच युक्ती ‘५.३०’ आणि ‘१०,०००’ यांनाही लागते, फक्त कोलनच्या जागी $चिन्ह घालायचं.

शब्दाच्या शेवटच्या विसर्गाने मात्र दमवलं. ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘अंशत:’, ‘क्रमश:’, ‘अक्षरश:’ यांत पुढे अक्षर नाही, मोकळी जागा आहे. आणि ‘पात्रे:’ यातही पुढे मोकळी जागाच आहे, पण तो खरा कोलन. शेवटी लक्षात आलं की अशा विसर्गान्त शब्दांपैकी बहुतेक त किंवा श वर संपतात :

/(?<=[तश]):/

हे बऱ्यापैकी चाललं. पण ‘माझे मत:’ आणि ‘देश:’ हेही याच जाळ्यात येतात. तिथे पर्लला अर्थ कळत नाही, आणि मला वाटतं, कळावा अशी अपेक्षाही धरू नये. असे सगळे सापडलेले तुकडे मी छापून घेतले आणि पेन्सिल घेऊन बसले. अर्ध्या तासाचं काम होतं.

हायफनचा विचार वेगळा करावा लागतो. ‘आई-वडील’ हा एक शब्द की दोन? मी एक धरला, कारण कवीने तो एका श्वासात लिहिलाय. त्यासाठी शब्दाची व्याख्याच अशी केली :

/$अक्षर+(?:-$अक्षर+)*/

लांब रेघ (—) मात्र शब्द तोडते. दुसऱ्या कुणी उलट ठरवलं तरी माझी हरकत नाही, फक्त ठरवलेलं लेखात सांगायला हवं. टिंबाचंही तसंच. ‘कि.मी.’, ‘इ.स.’, ‘फा.स्टीफन्स’ यांत टिंब वाक्य संपवत नाही. अशांची छोटी यादी हातानेच केली.

आणि आमची आडनावं! डि'सोझा, डि'कोस्टा, डि'मेलो. माझ्याही आडनावात असा एक लोंबता स्वल्पविराम आहे. यादीत मी स्वतः दोन तुकड्यांत सापडले, ‘डि’ एका पानावर आणि उरलेली दुसऱ्या. त्यात कुणी सरळ खूण (') वापरतं, कुणी वळलेली (’), आणि ही वळलेली खूण म्हणजेच एकेरी अवतरण संपवण्याची खूण. म्हणून आधी ‘डि’ आहे का बघून तेवढ्यांना अभय दिलं :

/(?<=डि)['’](?=$अक्षर)/

मराठीत ही चिन्हं तशी नवीच. जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागाही सोडत नसत, चरण संपला की दंड. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी इंग्रजी वळणाने आली, आणि ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. पोथीवर हा नमुना चालवला तर दंडाखेरीज काहीच सापडणार नाही, आणि शब्द कुठे संपला ते तर मुळीच नाही.

एक चूक अजून सांगायची राहिली. नमुना जमल्याच्या आनंदात मी तो शोधण्यापुरता न ठेवता बदलण्यासाठीही वापरला. मागच्या अंकाच्या कविता माझ्याकडे नीटनेटक्या करायला आल्या होत्या. दोन शब्दांच्या मधल्या प्रत्येक चिन्हानंतर एक मोकळी जागा घाल, असं सांगून मी एका फटक्यात सगळ्या फाइली स्वच्छ केल्या. एका वर्गमैत्रिणीची कविता तिच्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्यावर होती. तिने ‘थांब...मी’ असं मुद्दाम चिकटून लिहिलं होतं. ते ‘थांब... मी’ झालं आणि तसंच अंकात गेलं. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, “तिथे जागा कुणी सोडली?” मी सांगितलं, मीच. त्या दिवसापासून मूळ फाइलला मी हात लावत नाही. प्रत काढते, बदल प्रतीत करते, आणि काय काय बदललं त्याची यादी कवीला दाखवते. तिची कविता आता सुधारून पुन्हा टाकलीय.

पर्लमध्ये यासाठी एक सोय आहे, ती मला उशिरा कळली. ‘स्प्लिट’ने मजकूर चिन्हांपाशी तोडताना नमुन्याभोवती साधा कंस घातला, तर तोडलेले शब्द आणि मधली चिन्हं दोन्ही क्रमाने परत मिळतात. काहीच हरवत नाही. शब्द मोजून झाले की सगळे तुकडे जोडून बघायचे आणि ते मूळ कवितेशी अक्षरशः जुळतात का ते तपासायचं. जुळलं नाही तर कुठेतरी आपण काहीतरी खाल्लंय.

नवी मोजणी पूर्ण झाली. ‘सुख’ ६४, तिथे फरक नाही. ‘दुःख’ ९७ : आधीचे ११ आणि कोलनामुळे तुटलेले ८६. ‘दु’ आणि ‘ख’ यादीतून गेले, ‘करण’ही गेला. दीड पानाचा निष्कर्ष मी खोडला आणि त्या जागी आकडे व पद्धत एवढंच लिहिलं. मॅडमनी तो भाग वाचून समासात प्रश्न लिहिलाय, की ‘दुःख’ विसर्गाने लिहिणारे ते ११ जण कोण? ते अजून बघायचंय.